तापलंय, धा मिन्टं

कामाच्या जागी, चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मी दमलोय" असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

घरी उंबऱ्यात चपला काढताना म्हटलेलं धरायचं नाही. काम चालू असताना, ज्याच्या हातात तुमची हजेरी आहे त्याच्या तोंडावर म्हटलेलं सांगा. घाई नाही, आठवून पाहा. तोवर मी एका माणसाबद्दल सांगतो. तो हे कधीच म्हणाला नाही.

सिल्वासाच्या एका धाग्याच्या कारखान्यात आम्ही दोघं होतो. तो ट्विस्टिंग खात्याचा फिटर, मी गेटजवळच्या टाइम ऑफिसातला टाइमकीपर. त्याला सगळे मिस्तरी म्हणत. त्याचं नाव हजेरीकार्डावर होतं आणि ते रोज माझ्या हाताखालून जायचं, पण मीसुद्धा ते कधी तोंडाने घेतलं नाही. इथेही घेत नाही. मालेगावच्या पुढचा, धुळ्याच्या अलीकडचा माणूस. मी धुळ्याचा, म्हणून तो मला आपल्याकडचा समजायचा आणि "भो", म्हणजे भाऊ, म्हणायचा. इतरांना तो काहीच म्हणत नसे. बोलायचं असलं की आधी माणसाच्या खांद्याला बोट लावायचा, त्याने मान वळवली की मग तोंड उघडायचा. मशीनच्या आवाजात वीस वर्षं काढल्यावर लागलेली सवय. चहाच्या टपरीवर, जिथे पाखराचा आवाजही ऐकू यायचा, तिथेही तो खांद्याला बोट लावूनच चहा मागायचा.

त्याच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, वेस्ट धाग्याचा बोळा असे. त्याने तो हात पुसायचा, चष्मा पुसायचा, कपाची कडही पुसायचा. नव्या माणसाची ओळख झाली की नमस्कार वगैरे नाही. बोळ्यातला एक तुकडा तोडून त्याच्या हातात द्यायचा. मलाही पहिल्या दिवशी दिला. हे काय करू, असं विचारलं तर म्हणाला, "ठेव. हात घाण होतीनच."

"मी टाइम ऑफिसात आहे, मिस्तरी."

"म्हणूनच."

मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

दुसरी वस्तू हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटून उभा राहायचा. आत काय चाललंय ते त्याला ऐकू यायचं. चांगले फिटर असं करतातच. पण टोकरखाड्यात त्याच्या खोलीशेजारी नवीन बिऱ्हाड आलं, तेव्हा त्याने तो भिंतीलाही लावला होता. कुठले लोक आहेत, मी विचारलं. "ते नाही कळलं," तो म्हणाला, "पण भांडत नाहीत. पोराला खोकला हाय."

तर असा माणूस. पण खात्यात त्याची ओळख एका शब्दाने होती.

दिवसातून चार-पाच वेळा तो कुठल्या तरी मशीनवर तळहात टेकवायचा, स्विच खाली ओढायचा आणि सुपरवायझरकडे न बघता म्हणायचा, "तापलंय. धा मिन्टं." धाग्याला पीळ देणारं ते लांबलचक मशीन घरघरत थांबायचं. आमची पाळी बारा तासांची, सात ते सात. ऑपरेटरने बारा तास मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचं आणि तुटलेले धागे गाठ मारून जोडायचे. मशीन थांबलं की तो बॉबिनच्या उपड्या क्रेटवर बसायचा. सुपरवायझर वलसाडकडचा होता. पुन्हा तापलं का, असं तो लांबूनच गुजरातीत ओरडायचा, "शुं मिस्त्री, फरी गरम?"

"इधर की हवाच गरम है साब," मिस्तरी म्हणायचा आणि बोळ्याने हात पुसायचा.

मशीन थांबलं की चिठ्ठी करायची असते, आणि ती माझ्याकडे यायची. मिस्तरी स्वतः यायचा. सोळा मशीनं होती, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात हा एवढा नंबर. पण त्याने कधी नंबर सांगितला नाही. तो ऑपरेटरच्या गावाने सांगायचा. "पिंपळनेरवाल्याचं तापलंय." "साक्रीवाल्याचं तापलंय." मी चिडायचो.

"मिस्तरी, नंबर सांगा. चिठ्ठीत गाव लिहीत नाहीत."

"नंबर तू टाक भो. तू शिकलेला."

मग मी हजेरीवरून शोधून टाकायचो: म. क्र. ११, बेअरिंग गरम, १० मि.

मला तो आवडत नव्हता. हे लपवण्यात अर्थ नाही. आवडत का नव्हता हे सांगायचं तर थोडं माझं सांगावं लागेल.

माझे वडील धुळ्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मी अक्षरं शिकलो ती वाया गेलेल्या पत्रकांवरून. आमच्या वह्यांना पत्रकांचीच कव्हरं असत. "कामगार बंधूंनो" हे मी आयुष्यात वाचलेले पहिले दोन शब्द. पत्रकात काय हवं, हे वडील जेवताना सांगायचे: अन्याय एक असावा, वाक्य छोटं असावं आणि पुरावा हवा. पुराव्याशिवाय पत्रक म्हणजे नुसती आरडाओरड. असा मी, एकवीस वर्षांचा, सिल्वासात येऊन काय करत होतो? तर माणसांच्या बारा तासांची कार्डं ठोकत होतो. त्याची भरपाई म्हणून खोलीवर बसून बारा तासांविरुद्ध पत्रक लिहीत होतो.

ते घेऊन मी खात्यातल्या जुन्या माणसांकडे सह्यांसाठी फिरलो. मिस्तरीने कागद हातात घेतला, शेवटची ओळ वाचली आणि विचारलं, "तुझी सही कुठं हाय?"

"खाली 'एक कामगार' असं टाकणार आहे."

"हं," तो म्हणाला आणि कागद परत दिला. "मी मशीन बघतो भो. माणसांचं तू बघ."

हे वाक्य मला मिरचीसारखं झोंबलं. ज्या खात्यात माणसाला पाणी प्यायला सुट्टी नाही, तिथे हा माणूस लोखंडाला दिवसातून पाच वेळा विश्रांती देतो आणि वर म्हणतो, माणसांचं तू बघ! मी त्या रात्री पत्रकात एक परिच्छेद वाढवला. कंपनीच्या लाडक्या यंत्रपूजकांबद्दल. आणि त्याखाली माझं सगळ्यात आवडतं वाक्य आलं: "यंत्र तापलं तर दहा मिनिटं, माणूस तापला तर?" वाक्य छोटं होतं. पुरावा, म्हणजे त्या चिठ्ठ्या, माझ्या ड्रॉवरमध्येच होता.

त्याच सुमारास मिस्तरीने मोटरसायकल घेतली.

साडेतीनशे सीसीची, लांबच्या प्रवासाची. पुढे काच, पायांना गार्ड, मागे दोन्ही बाजूंना कातडी पिशव्या आणि सोफ्यासारखी सीट. दुकानदाराने तिला 'टुरिंग मॉडेल' म्हटलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या कारखान्याने तिचं नाव 'टुरिंग टॉकीज' ठेवलं. गेटवर रोज कुणी तरी विचारायचं, "मिस्तरी, आज पिक्चर कोणतं लावलंय?" तो गंभीरपणे म्हणायचा, "अजून पडदा बांधू राहिलो."

जो माणूस खोलीपासून कारखान्यापर्यंत चालत येतो, ज्याला गावी जायला वर्षातून दोनदा सुट्टी मिळते, त्याला असली घोड्याएवढी गाडी कशाला? कारण त्याची मुलगी होती.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात ती दिवाळीएवढी मोठी. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेरच्या माणसाने जाऊन तिला आणायचं असतं. त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक घरांत भाऊ जातो. मिस्तरीला एकच मुलगी, मुलगा नाही. तिचं लग्न झालं आणि पहिल्या दिवाळीला मुराळी म्हणून तो स्वतः एसटीने निघाला. त्या दिवशीही बदलीचा माणूस उशिरा आला, मग वापीला उशीर, मग नाशिकला गाडी चुकली. तिच्या सासरी पोचला तेव्हा पाडवा उलटून गेला होता. ती भरलेली पिशवी शेजारी ठेवून तीन दिवस ओट्यावर बसली होती म्हणे. व्याही म्हणाले, "आता कशाला? आता राहू द्या." तो रिकाम्या हाताने परत आला. हे त्याने मला सांगितलं नाही. पिंपळनेरवाल्याने सांगितलं, क्रेटवर बसून, त्या दहा मिनिटांत.

आता पहिली आखाजी येत होती. आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, मालेगावच्या अलीकडे तिच्या सासरी पोचायचं. या वेळी एसटीच्या भरवशावर नाही.

मीही आखाजीला धुळ्याला जाणार होतो. पिशवीत पत्रकाचा मजकूर होता, वडिलांच्या छापखान्यात द्यायचा. मिस्तरी टाइम ऑफिसात आला, माझ्या खांद्याला बोट लावलं आणि म्हणाला, "मागे बस. फक्त एक कर. बोलत राहायचं. काय पण बोल. तू बोलतो चांगला."

मी सुखावलो. बारा तासांचा विषय आपण याच्या गळी उतरवू, असं मनाशी म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सातला तो कामावर चढला. रात्रीचा फिटर आखाजीसाठीच न सांगता गावी पळाला, म्हणून मिस्तरी रात्रीही थांबला. याला आमच्याकडे 'डबल' म्हणत. सकाळी सातला तो बाहेर पडला तेव्हा त्याचं कार्ड मीच ठोकलं. चोवीस तास. मी तो आकडा वाचला, रजिस्टरमध्ये चढवला, पिशवी उचलली आणि त्याच्या मागे जाऊन बसलो.

निघण्यापूर्वी त्याने नियम सांगितले. गाडी नवी, अजून रनिंगमध्ये आहे. पहिले पाचशे किलोमीटर वेग चाळीसच्या वर न्यायचा नाही. आणि दर चाळीस किलोमीटरला इंजिनाला धा मिन्टं. "पुस्तकात हाय," तो म्हणाला.

रांधा गाव मागे पडलं तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. ताडाच्या झाडांमधून रस्ता, त्यावर आमची गाडी बैलगाडीपेक्षा थोडी जास्त वेगाने धडधडत चाललेली. ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात. सायकलवाली पोरं चढावर आम्हाला गाठायची आणि शेजारून चालवत काचेत आपले केस बघायची. मी मागून बोलत होतो. आठ तासांची मागणी कुठून आली, कायदा काय म्हणतो, मालक काय म्हणतो. कपराड्याजवळ चाळीस किलोमीटर झाले. त्याने गाडी झाडाखाली लावली, इंजिनाजवळ तळहात नेला आणि म्हणाला, "तापलंय."

दहा मिनिटं तो झाडाला टेकून बसला. मी घड्याळ बघत होतो. सवयीने खिशातला कागद काढला, तो पत्रकाचाच होता, आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: ४०.

पुढे घाट. पहिल्या गिअरवर रडत चढलो. मला वाटलं, चढ झाल्यावर पुन्हा चाळीस धरेल. पण पेठच्या अलीकडे, पस्तीस झाले तोच तो थांबला. "घाटात जास्त तापतं." बरं. मी लिहिलं: ३५. त्यानंतर उतार आणि मोकळा रस्ता होता, तरी तीसला थांबला. नाशिकच्या वेशीवर पंचवीसला.

नाशिकला चौकात हवालदाराने अडवलं. नंबरप्लेटकडे बघत म्हणाला, "डीएन? ही कुठली पासिंग?"

"धुळे-नंदुरबार," मिस्तरी म्हणाला.

हवालदार विचारात पडला. त्याच्या मागे एसटी येऊन उभी राहिली, तिने हॉर्न वाजवला आणि त्याने हात हलवून आम्हाला सोडलं. दादरा-नगर हवेली सांगत बसलं असतं तर अर्धा तास गेला असता. मी मागून हसलो. मिस्तरी हसला नाही. "बोल ना भो," तो म्हणाला, "थांबला कशाला?"

माझं बोलणं संपत आलं होतं. घशाला कोरड पडली होती. ऊन आता डोक्यावर होतं आणि डांबर पाण्यासारखं हलत होतं. वीस किलोमीटरला थांबा. मग अठराला. मी म्हणालो, "मिस्तरी, असं चाललं तर आपण उद्या पोचू. तुमच्या पोरीला पुन्हा बसवून ठेवायचंय का?" हे मी बोलायला नको होतं. त्याने मान खाली घातली, बोळ्याने चष्मा पुसला आणि तो पुसता पुसता म्हणाला, "इंजिन जाम झालं तर मुळीच नाही पोचणार." मग पंधरा. चांदवडला बारा. दर थांब्याला तळहात, दर थांब्याला तोच शब्द, आणि शब्द दर वेळी थोडा हळू.

चांदवड सोडून आठच किलोमीटर झाले होते. त्याने गाडी कडुनिंबाखाली घेतली, स्टँडवर लावली आणि "तापलंय" हा शब्द पुरा व्हायच्या आत खोडाला टेकून झोपला. झोपला म्हणजे विझला. तोंड उघडं, एक हात जमिनीवर उलटा, तळवा वर.

मला भयंकर राग आला. पाच वाजून गेले होते. मला गाडी चालवता येत नव्हती, सायकल तेवढी यायची. मी कातडी पिशवीतून गाडीचं पुस्तक काढलं. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला हिंदी. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नये, हे होतं. दर चाळीस किलोमीटरला दहा मिनिटं, हे कुठेच नव्हतं. मी दोनदा वाचलं. तासभर त्याला उठवलं नाही, दयेने नव्हे. मुद्दा तयार करत होतो म्हणून. मग खांदा हलवला.

"मिस्तरी, पुस्तकात दहा मिनिटांचं काही नाही."

त्याने डोळे उघडले. मी कोण, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "पुस्तक थंड जागी बसून लिहेल हाय भो."

शेवटचे तीस-पस्तीस किलोमीटर तो एकदाही थांबला नाही. तरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते.

ती ओट्यावर उभी होती. पिशवी शेजारी. वीस-एकवीस वर्षांची, बापासारखीच उंच. तिने आमच्याकडे बघितलं, मग आत बघितलं. व्याही बाहेर आले. वाईट माणूस नव्हता, पण हट्टी.

"या व्याही. उशीर केला. दिवेलागण झाली. या वेळेला घरची सून आम्ही बाहेर काढत नाही."

मी पुढे झालो. माझ्याकडे यावर अख्खं पत्रक तयार होतं. मिस्तरीने माझ्या खांद्याला बोट लावलं. मी मान वळवली तर तो माझ्याशी बोलतच नव्हता. तो व्याह्यांना म्हणाला, "मी पण तेच म्हणणार होतो. गाडी लई तापली. सकाळशिवाय निघणार नाही."

व्याह्यांचा चेहरा सैल झाला. कुणीच हरलं नव्हतं. "मग आत या, जेवा."

"लेकीच्या घरचं नाही खात आमच्यात. तिला पोरबाळ झालं की मंग खाईन." तो ओट्यावरच बसला आणि आम्ही पिंपळगावला घेतलेले शेंगदाणे काढले.

मुलगी तांब्या घेऊन आली. पाणीही तो घेणार नाही हे तिला माहीत होतं. तांब्या तिने माझ्यापुढे ठेवला. मग ती गाडीजवळ गेली, सीटवरून हात फिरवला, काचेत बघितलं आणि परत येऊन बापासमोर उभी राहिली.

"अप्पा, डबल करून आले ना?"

"नाही गं. गाडी तापू राहिली होती सारखी."

तिने माझ्याकडे बघून हसत म्हटलं, "आमच्या घरी काय भाऊ, सायकलसुद्धा तापायची."

मी हसलो. मग मनात आलं, सायकल कशी तापेल?

ती सांगत होती. लहानपणी अप्पा तिला पुढच्या दांडीवर बसवून बाजाराला न्यायचे. गिरणीची पाळी करून आलेले असायचे. मध्येच उतरायचे, सायकल बांधाला लावायचे, चाकाला हात लावून म्हणायचे, तापली, धा मिन्टं. आणि तिथेच बसल्या बसल्या झोपायचे. ती चाकाजवळ बसून राखण करायची. "एकदा आई चालता चालता बसली तर तिला म्हणे, थांब, तुझ्या चपला तापल्या." आणि तिने वाकून बापाच्या कपाळाला उलटा हात लावला, ताप बघतात तसा.

मी खिशातला कागद काढला. चाळीस, पस्तीस, तीस, पंचवीस, वीस, अठरा, पंधरा, बारा, आठ. हा आकड्यांचा उतार काय सांगत होता ते वाचायला मला एक दिवस आणि एक मुलगी लागली. आणि मग दुसरे आकडे आठवले. म. क्र. ११, पिंपळनेरवाला, ज्याला त्या महिन्यात कावीळ झाली होती. म. क्र. ४, साक्रीवाला, ज्याचे पाय सुजायचे. म्हणून तो नंबर सांगत नव्हता. तो माणसावरून मशीन ठरवायचा. मशीनवर हात ठेवताना त्याचं लक्ष दुसरीकडे असायचं.

सकाळी, उन्हं वर यायच्या आत, ती त्याच्या मागे बसली. पिशवी कातडी खिशात मावली. "अप्पा, कुठं तापली तर सांगा हं," ती म्हणाली, आणि मिस्तरीला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते चाळीसच्या वेगाने गेले. मी एसटीने धुळ्याला गेलो.

आता जे सांगायचंय ते सांगताना मलाही बसावंसं वाटतं.

छापखान्यात मी पत्रकातला यंत्रपूजकांचा परिच्छेद खोडला. तेवढी लाज मला होती. पण ते वाक्य राहू दिलं. यंत्र तापलं तर दहा मिनिटं. माणूस तापला तर? फार चांगलं वाक्य होतं ते. त्याखाली पुरावाही राहू दिला: कोणतं मशीन, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती मिनिटं. वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, "याला म्हणतात पत्रक." खाली 'एक कामगार'. मला वाटलं, खरं आहे ते छापायला भ्यायचं कशाला?

महिन्याभरात ते सगळ्यांनी वाचलं. ऑपरेटरांनी वाचलं, आणि कारखान्याच्या पुणेकर मॅनेजरसाहेबांनीही वाचलं. साहेब हुशार होते. त्यांनी बारा तासांबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी तापमान मोजायचा मीटर मागवला आणि मशीन क्रमांक चार आणि अकराला लावला. मग मला चिठ्ठ्यांसकट बोलावलं आणि मिस्तरीलाही.

"मिस्तरी, अकरा नंबर तापतं?"

"तापतं साहेब."

"मीटर नाही म्हणतो."

"आत्ता लावला म्हणून. बारा तास लावून ठेवा."

"मी मशीनबद्दल विचारतोय. नक्की काय तापत होतं?"

त्याला सांगता आलं असतं. पण मग दर चिठ्ठीमागचा माणूस निघाला असता, काविळीचा, सुजलेल्या पायांचा, आणि त्यांची नावं माझ्याच हजेरीत होती. तो म्हणाला, "मशीनच साहेब. माझ्या हाताची चूक झाली."

त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी चिठ्ठ्या नीट जुळवत उभा होतो. एक कामगार त्या खोलीत हजर होता आणि गप्प होता.

त्याच दिवशी त्याला काढलं. गेटवर त्याचं कार्ड मी परत घेतलं. टुरिंग टॉकीजवर वळकटी बांधलेली, स्क्रू-ड्रायव्हर काचेमागे खोचलेला. त्याने माझ्या खांद्याला बोट लावलं.

"पत्रक वाचलं भो तुझं."

"मिस्तरी, मी..."

"बरोबर लिहेल हाय सारं. फक्त नंबर नको होता टाकायला."

मग त्याने खिशातून बोळा काढला, एक तुकडा तोडला, माझ्या हातात ठेवला आणि किक मारली.

पत्रकाने आठ तास आले नाहीत. दहा मिनिटं मात्र गेली. त्या उन्हाळ्यानंतर ट्विस्टिंग खात्यात एकही मशीन तापलं नाही. मी रजिस्टर ठेवत होतो, म्हणून खात्रीने सांगतो. पिंपळनेरवाला पावसाळ्यात गावी गेला तो परत आला नाही. दिवाळीनंतर मीही ती नोकरी सोडली.

पत्रकं मी अजून लिहितो. बारा तास अन्यायच होता, आणि त्याबद्दल मी आजही आवाज खाली आणणार नाही. पण आता खाली माझी सही असते, आणि ज्याचं नुकसान होईल असा नंबर नसतो.

सुरुवातीचा प्रश्न तुम्ही विसरला नसाल. उत्तर सापडलं नसेल तर उद्या कामावर जा आणि एकदा मोठ्याने म्हणा, मी दमलोय. स्वतःच्या नावाने म्हणा. ते जमण्यासारखं नसेल, तर मी समजू शकतो; मलाही त्या खोलीत जमलं नाही. पण तुमच्या हाताखाली माणसं असतील, आणि त्यांतलं कुणी येऊन म्हणालं की मशीन तापलंय, गाडी तापलीय, सायकल तापलीय, तर एवढंच करा. हात लावून बघायला उठू नका. दहा मिनिटं द्या.